रंगू दार लावते

फोन आला तेव्हा नूतन कुत्र्यांचं जेवण ढवळत होती. मोठ्या पातेल्यात तांदूळ आणि कोंबडीचे पाय एकत्र शिजत होते आणि मागच्या अंगणात सहा कुत्री वासानं वेडीपिशी झाली होती. नंबर अनोळखी होता. पलीकडे बाईचा आवाज, फोन ओठांना लावून बोलल्यासारखा.

"चौलला दिलेल्या कुत्रीला बघून जा. लवकर या. आणि कुणी फोन केला ते म्हणू नका."

"कोण बोलतंय?"

फोन ठेवला गेला होता. नूतननं उलटा लावून पाहिला, तर बंद.

आक्षीच्या सुरूबनाला लागून असलेल्या त्या केंद्रात नूतन गेली दहा वर्षं कुत्री तयार करत होती. ज्यांना दिसत नाही, चालता येत नाही, अशा माणसांच्या हाताखाली राहतील अशी कुत्री. एका कुत्र्यामागे दीड-दोन वर्षं जात. ती सगळं मराठीतच शिकवायची. ज्या घरात जायचं तिथली माणसं मराठीच बोलणार, मग कुत्र्याला परक्या भाषेत हुकूम कशाला? 'उचल' म्हटलं की पडलेली वस्तू उचलायची. 'दे' म्हटलं की हातात द्यायची. 'ओढ' म्हटलं की पट्टा दातात धरून खुर्ची ओढायची, आणि 'लाव' म्हटलं की दाराला बांधलेली दोरी खेचून दार लावायचं.

चौलला दिलेली कुत्री म्हणजे रंगू. नाव रंगू आणि अंगावर एकच रंग, नखशिखांत काळा. केंद्रातून आजवर बाहेर पडलेल्या कुत्र्यांत ती सगळ्यांत शांत. पाच महिन्यांपूर्वी नूतननं ती गौरीला दिली होती. गौरी तिशीच्या आतली. निसर्ग वादळात वाडीतली पोफळ तिच्या पाठीवर कोसळली, तेव्हापासून कमरेखालचं अंग गेलेलं आणि चाकाची खुर्ची आलेली. आईवडील नव्हते. थोरला भाऊ गणराज आणि वहिनी मृणाल यांच्याकडे ती राहायची. कुत्रीसाठी अर्ज भावानंच केला होता, सुवाच्य अक्षरात चार पानी. तो वाचून नूतनच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. केंद्रात पंधरा दिवस दोघींचं एकत्र शिक्षण झालं तेव्हा गणराज रोज ऑफिस सुटल्यावर अलिबागहून यायचा आणि बहिणीला डबा भरवायचा. वहिनी मात्र एकदाही फिरकली नव्हती. नूतननं ते मनात ठेवलं होतं.

पुढची भेट महिन्यानं ठरलेली होती. नूतननं पातेलं उतरवलं, कुत्र्यांना वाढलं आणि त्याच दुपारी व्हॅन काढली.

नागाव ओलांडलं की रस्ता वाड्यांमधून जातो. दोन्ही बाजूंना पोफळी इतक्या दाट की भर दुपारी रस्त्यावर हिरवट अंधार. ऑक्टोबरचं ऊन वर कुठंतरी राहिलं होतं आणि खाली नुसती दमट, न हलणारी हवा. गणराजचं घर वाडीच्या आत, रस्त्यापासून शंभर पावलांवर होतं. व्हॅनचा आवाज ऐकून तोच पुढं आला. सुटीचा दिवस होता. गोरापान, हसरा, कपाळाला गंध.

"नूतनताई! न कळवता? बरं झालं, बरं झालं. या."

"इकडं रेवदंड्याला काम होतं. म्हटलं, रंगूला बघून जावं."

तिनं असं म्हटलं, आणि गणराज क्षणभर तिच्याकडे नुसता बघत राहिला. मग पुन्हा हसला.

पडवीत गौरी खुर्चीत बसली होती. पायाशी रंगू. नूतनला पाहिल्यावर रंगूची शेपटी जमिनीवर दोनदा आपटली, पण ती उठली नाही. पाच महिन्यांनी भेटणारं कुत्रं असं करत नाही. नूतननं तिच्यावरून हात फिरवला. बरगड्या हाताला लागल्या. तोंड उघडून पाहिलं तर वरच्या सुळ्याचं टोक उडालेलं.

"हे काय झालं?"

"करवंटी चावली हो," गणराज म्हणाला. "खादाड आहे. मी किती ओरडलो."

नूतन गौरीकडे पाहत होती. गौरी रंगूकडे पाहत होती.

मृणालनं कोकम सरबत आणलं, ग्लास ठेवले आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. ती कुणाशी बोलली नाही. भिंतीवर एक फोटो होता. गावच्या मंडळानं भाऊबिजेला गणराजचा सत्कार केला होता, 'आदर्श बंधू' म्हणून. शाल, श्रीफळ, आणि शेजारी खुर्चीत गौरी, टाळ्या वाजवणारी.

"दाखव ना गौरी, ताईंना सगळं करून," गणराज म्हणाला.

गौरीनं चमचा खाली टाकला. "रंगू, उचल." रंगूनं उचलला. "दे." दिला. सगळं बिनचूक. गणराजनं खुशीत बिस्किटाचा तुकडा पुढं धरला, तशी रंगूनं मान वळवली. जांभई दिली, ओठ चाटले, पुन्हा जांभई दिली. बघणाऱ्याला वाटावं झोप आली आहे. पण कुत्रं घाबरलं की काय करतं ते नूतनला ठाऊक होतं. तिला आणखीही एक गोष्ट दिसली. रंगू जिथं जिथं बसत होती ती जागा नेहमी एकच होती, गणराज आणि खुर्ची यांच्या मधली.

"तुम्ही जेवूनच जायचं," गणराज म्हणाला. "मी रेवदंड्याला जाऊन पापलेट घेऊन येतो. अर्ध्या तासात आलो."

त्याची मोटरसायकल वाडीतून बाहेर पडली आणि आवाज विरून गेला. नूतननं स्टूल ओढलं आणि गौरीच्या समोर बसली.

"कशी आहेस?"

"मजेत."

"रंगू बारीक का झाली?"

"उन्हानं असेल."

"गौरी, काही झालंय का?"

"काही नाही हो ताई. दादा किती करतो, तुम्ही बघताच ना." हे बोलताना तिनं खुर्चीचे हात असे धरले होते की बोटांची पेरं पांढरी पडली होती.

नूतन उठून घर बघत फिरली. खोलीच्या दाराला तिनंच बांधलेली दोरी होती, निळी. पण आतल्या न्हाणीघराच्या दारालाही एक दोरी होती, जाड काथ्याची, आतल्या बाजूनं. आणि दाराला खाली, बसलेल्या माणसाच्या हाताला येईल अशी, एक नवी कोरी खिट्टी. ही दोरी नूतननं बांधलेली नव्हती.

ती विचारणार, तोच लांबून मोटरसायकलचा आवाज आला. दहा मिनिटंही झाली नव्हती.

मग जे झालं ते नूतन पुढं कितीतरी दिवस डोळ्यांपुढून हलवू शकली नाही.

रंगू उठली. कुणी काही म्हटलं नव्हतं. ती टेबलाकडे गेली, गौरीचा फोन अलगद दातात धरला आणि तिच्या मांडीवर आणून ठेवला. मग वळली, खुर्चीच्या पुढचा पट्टा धरला आणि ओढायला लागली, न्हाणीघराच्या दिशेनं.

"थांब, रंगू," गौरी हळूच म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता. "आज नको. थांब ना गं."

रंगू थांबली नाही. हुकूम मोडणं तिला ठाऊकच नव्हतं, आणि आता ती मोडत होती. खुर्ची उंबरठ्यावरच्या फळीवरून आत गेली. नूतन मागोमाग आत शिरली. रंगूनं काथ्या धरून खेचला आणि दार लागलं. गौरीचा हात आपोआप खिट्टीवर गेला. रंगू दाराला पाठ लावून बसली, कान मागं, आणि थरथरायला लागली.

नूतन मोरीच्या कठड्यावर बसली. असं काम, एकामागून एक चार पायऱ्यांचं, कुत्रं एका दिवसात शिकत नाही. रोज करून घेतलं तरी महिना लागतो. एखाद्या आवाजावर आपसूक करायला लागायचं म्हणजे शंभरदा तरी तो आवाज यायला हवा आणि शंभरदा हे दार लागायला हवं. तिला ते आकडे कुणी सांगायला नको होते.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"श्रावणापासून."

"मारतो?"

"नाही. दादानं कधी बोट लावलं नाही." गौरी कुजबुजत होती. "तो खुर्ची काढून घेतो. माळ्यावर ठेवतो. म्हणतो, आज तुला बरं नाही, पडून राहा. मी बरी असते ताई. मग उशाशी बसतो आणि भरवतो. नको म्हटलं तरी भरवतो. रंगूला विहिरीपाशी बांधतो, दिवसभर. हे बाहेरून लोकांना सेवाच दिसते ना."

"आणि तू हे दार..."

"वहिनीनं खिट्टी बसवून घेतली. त्याला सांगितलं, गौरीला न्हाताना लाज वाटते. खुर्चीत असताना आत आले तर तो खुर्ची काढू शकत नाही. तो दार तोडत नाही, दाराबाहेर बसतो आणि बोलतो. दोन-दोन तास. मी तुझ्यासाठी काय काय सोडलं ते सांगतो."

बाहेर मोटरसायकल थांबली होती. पडवीत पावलं वाजली.

"श्रावणात काय झालं?"

गौरीनं रंगूच्या डोक्यावर हात ठेवला. "अलिबागला एका वकीलबाईंकडे टायपिंगचं काम मिळत होतं. आठवड्यातून तीन दिवस. रिक्षा ठरवली होती, रंगू बरोबर येणार होती. दादा म्हणाला, छान. म्हणाला, चल तुला फिरवून आणतो. रेवदंड्याच्या जुन्या धक्क्यावर घेऊन गेला. खाली उतार आहे, शेवाळलेला. भरती होती. तिथं उभा राहिला आणि म्हणाला, बघ हं, माझा हात नसला तर. आणि खुर्ची सोडली."

गौरीनं खाली वाकून रंगूची मान कुरवाळली.

"चार हात गेली असेल. मग त्यानं पळत येऊन धरली. हसला. पुन्हा वर नेली, पुन्हा सोडली. तिसऱ्या वेळी त्यानं धरली नाही, ताई. रंगूनं धरली. पट्टा दातात धरून मागं बसली ही, नखं दगडावर घासत. दात तेव्हा गेला. मग तो आला आणि म्हणाला, मी धरणारच होतो."

दाराबाहेर कुणीतरी खाली बसल्याचा आवाज आला. कपड्यांची सळसळ, मग अगदी दाराला लागून गणराजचा आवाज, मऊ, प्रेमळ.

"गौरी? पाकीट विसरलो होतो गं, म्हणून परत आलो. नूतनताईपण आत आहेत का? न्हाणीघरात काय गप्पा मारताय दोघी?"

रंगूच्या घशातून बारीक आवाज आला. गौरीनं तिचं तोंड छातीशी धरलं.

"दार उघड ना. ताईंना काय वाटेल?"

नूतननं गौरीच्या कानाशी तोंड नेलं. "करारात लिहिलंय. कुत्र्याला धोका असेल तर मी ते परत नेऊ शकते. आत्ता. पण मला फक्त कुत्रं नेता येतं."

"मग हिला न्या," गौरी लगेच म्हणाली. तिनं आधीच ठरवून ठेवलेलं असावं. "हिला विहिरीत ढकलेल तो. एकदा कठड्यावर उभी केली होती. मला काही करणार नाही."

"तू माझ्याबरोबर येशील का? एवढंच सांग."

बाहेर गणराज आता गुणगुणत होता. गौरीनं मान हलवून हो म्हटलं.

नूतननं खिट्टी काढली आणि दार सताड उघडलं. गणराज उंबऱ्यापाशी मांडी घालून बसला होता, एखाद्या कीर्तनाला बसावं तसा.

"रंगूच्या पाठीत दोष दिसतोय," नूतन मोठ्यानं म्हणाली. "ओढताना चुकीच्या बाजूला झुकते. हिला केंद्रात न्यावं लागेल पंधरा दिवस. आणि गौरीलाही. दोघींचं शिक्षण एकत्रच होतं."

"अवश्य," गणराज म्हणाला आणि उठला. "उद्या मी स्वतः आणून सोडतो."

"आत्ताच नेते. व्हॅन आहेच."

"तिची औषधं, कपडे? घाई कशाला?" तो हसतच होता. "आणि तुमच्या गाडीची चावी कुठाय?"

नूतननं टेबलाकडे पाहिलं. आल्या आल्या तिनं चावी सरबताच्या ग्लासाशेजारी ठेवली होती. ग्लास तिथंच होता.

"पडली असेल कुठंतरी," गणराज म्हणाला. "जुनं घर, फटी फार. जेवा आधी. मग शांतपणे शोधू."

तेवढ्यात अंगणातून शेजारच्या आवडाबाई आल्या. सत्तरीच्या, कमरेत वाकलेल्या, हातात अळूची जुडी. "गाडी बघितली म्हून आले," म्हणाल्या. "कुत्रीवाली बाय ना तू? लय गुणाची हाय कुत्री. आन आमचा गणराज! सख्खी आय करनार न्हाय एवढं करतो बहिनीचं."

"व्हय," नूतन म्हणाली आणि म्हातारीचा हात धरून तिला पडवीत बसवलं. ही बाई आता इथून हलता कामा नये, एवढंच तिच्या डोक्यात होतं. "म्हणून तर गौरीला पंधरा दिवस नेतेय आजी. गणराजदादांनी आत्ताच हो म्हटलं. तुमच्यासमोरच निघतो आम्ही."

"जा गो पोरी जा," आवडाबाई गौरीला म्हणाल्या. "भावाला पन जरा इसावा."

गणराजचं हसू जागेवरच राहिलं. डोळे मात्र हसत नव्हते. चार माणसांत चांगलं दिसायचं ज्याला व्यसन असतं तो चार माणसांपुढे नाही म्हणू शकत नाही. पण चावी नव्हती. तो खांबाला टेकून उभा राहिला आणि वाट बघू लागला, आणि वाट बघायला त्याच्याकडे दिवस पडला होता.

मृणाल स्वयंपाकघरातून बाहेर आली. हातात घडी घातलेला पंचा.

"ताई, हात ओले आहेत तुमचे," ती म्हणाली. "पुसून घ्या."

नूतनचे हात कोरडे होते. तिनं पंचा घेतला. घडीच्या आत काहीतरी कडक होतं. आवाज आता तिनं ओळखला. सकाळी फोनवर ओठ लावून बोललेला हाच आवाज. नूतननं वर पाहिलं, पण मृणालनं नजर दिली नाही.

"सापडली," नूतन म्हणाली. "माझ्याच ओच्यात होती."

गणराजनं बायकोकडे पाहिलं. एकदाच, सावकाश. मग पुढं येऊन त्यानं खुर्चीच्या मुठी धरल्या. "मी आणतो ना गाडीपर्यंत."

अंगण रस्त्याकडे उतरतं होतं. तो खुर्ची नेत होता आणि रंगू तिच्या पुढं, उलटी, त्याच्याकडे तोंड करून चालत होती. नूतन बाजूनं चालत होती, हात खुर्चीपासून वितीवर. व्हॅनपाशी पोचल्यावर त्यानं मुठी सोडल्या नाहीत.

"हिला दोन दिवसांत कंटाळा येईल," तो हलक्या आवाजात म्हणाला. "माझ्याशिवाय राहिलीच नाही ही कधी. मग तुम्ही मला फोन कराल, नूतनताई."

"सोड रे, बसू दे तिला!" पडवीतून आवडाबाई ओरडल्या.

त्यानं दोन्ही हात वर उचलले, बोटं पसरून, हसत. खुर्ची एक बोटभर सरकली आणि रंगूनं तिचा पट्टा दातात पकडला.

गौरीला आणि खुर्चीला आत घेतल्यावर नूतन परत वळली. मृणाल अंगणाच्या मध्यावर उभी होती. "तुम्हीपण चला की," नूतन म्हणाली. "गौरीला सोबत. दोन दिवस."

"घरी माणूस नको का?" गणराजनं उत्तर दिलं. मृणाल आत गेली.

केंद्रात गौरीला बाहेरची खोली दिली. पहिले आठ दिवस ती दार आतून लावूनच बसायची. घरातल्या छळाच्या तक्रारी बघणाऱ्या, अलिबागच्या संरक्षण अधिकारी पडवळबाई आल्या, गौरीनं जबाब दिला, धक्क्याचं सगळं सांगितलं. पडवळबाईंनी लिहून घेतलं आणि पेन मिटताना म्हणाल्या, "साक्षीदार कोण?" गौरीनं रंगूकडे पाहिलं. पडवळबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "वहिनी बोलतील का?"

वहिनीचा फोन गणराज उचलायचा.

तो दर रविवारी यायचा. चिकू, केळी, धुतलेले कपडे. फाटकाच्या आत पाऊल टाकायचा नाही. बाहेर उन्हात हात जोडून उभा राहायचा, तास-दीड तास, आणि रस्त्यानं जाणारी माणसं थांबून विचारायची. आक्षीच्या दुकानात नूतनला दोघी-तिघींनी ऐकवलं, अशी बहीणभावंडं तोडू नयेत. रविवारी तो गेल्यावर रंगू फाटकापाशी जाऊन तो उभा होता तिथली माती हुंगायची आणि तिथून लवकर हलायची नाही.

तरी दिवस पुढं सरकत होते. गौरीनं वकीलबाईंना फोन केला. जागा अजून होती. ती रिक्षानं जायला लागली, रंगू पायाशी. रंगूच्या अंगावर मांस आलं. एका संध्याकाळी गौरी कशावरून तरी मोठ्यानं हसली आणि सहा कुत्री एकदम भुंकली.

दिवाळी झाल्यावर आठवड्यानं आवडाबाईंचा फोन आला. गौरी आणि नूतन जेवायला बसल्या होत्या. आवडाबाई फोनवर सगळ्यांशी ओरडूनच बोलायच्या, त्यामुळं दोघींनाही ऐकू आलं.

"अगो, मृणाल पडली ना माळ्यावरनं! आठ दिस झाले. पाय मोडला, कमरेलाबी मार हाय. उठाय येत न्हाय तिला. पन गणराजची कमाल हाय हां. रजा काढून बसलाय. न्हाऊ घालतो, भरवतो, केस इंचरतो. गावात सगळी म्हंतात, बाईनं काय पुन्य केलं असंल."

गौरीनं हातातला घास ताटात ठेवला.

"तिला माझ्या खोलीत ठेवलंय का, आजी?" तिनं विचारलं.

"व्हय. तुझ्याच पलंगावर."

गौरीनं फोन बंद केला. "आता वहिनीची पाळी," ती म्हणाली. नूतननं पडवळबाईंना फोन लावला आणि व्हॅन काढली.

त्या दुपारी वाडीत शिरताना सगळं मागच्यासारखंच होतं. तीच दमट हवा, तसाच हिरवट अंधार. पण या वेळी पुढं पोलिसांची गाडी होती, दोन महिला शिपाई, आणि व्हॅनमध्ये नूतनशेजारी पडवळबाई. गौरी मागं. नूतननं तिला गाडीतच थांब म्हटलं होतं. ती म्हणाली, "मी नाही गेले तर वहिनी बोलणार नाही."

गणराज दारात आला. दाढी वाढलेली, खांद्यावर टॉवेल, हातात पेजेची वाटी. गौरीला पाहून त्याचा चेहरा खरोखर उजळला.

"आलीस? बघ, घराची काय दशा झाली तुझ्याशिवाय."

गौरी त्याच्या बाजूनं खुर्ची घेऊन आत गेली. या वेळी रंगू तिच्या पुढं नव्हती, शेजारी होती. एकदाच थांबली, थरथरली आणि पुन्हा चालू लागली.

मृणाल पलंगावर पडून होती. पाय प्लास्टरमध्ये, केस चोपून विंचरलेले, कपाळाला ठसठशीत कुंकू. उशाशी तांब्या होता, पण हात पोचणार नाही इतक्या अंतरावर. फोन दिसत नव्हता. पडवळबाईंनी गणराजला बाहेर थांबायला सांगितलं. तो दाराबाहेर जमिनीवर बसला.

"कशा पडलात?" पडवळबाईंनी विचारलं.

"पाय घसरला," मृणाल छताकडे बघत म्हणाली.

"कुणी ढकललं?"

"नाही. मी घसरले."

"घरात काही त्रास?"

दाराबाहेरून गुणगुणणं ऐकू येत होतं. "नाही," मृणाल म्हणाली. "ते फार करतात माझं."

पडवळबाईंनी नूतनकडे पाहिलं. बाई नाही म्हणत असेल तर पुढं काही करता येत नाही, असं त्या नजरेत होतं. पेन वहीवर टेकून राहिलं. तेवढ्यात गौरीनं पाहिलं की मृणालचा एक हात पलंगाखाली लोंबत होता आणि त्या हातानं रंगूचा गळपट्टा मुठीत धरला होता. रंगू हलत नव्हती.

"वहिनी," गौरी म्हणाली, "माझ्याबरोबर चल. नुसतं हो म्हण. बाकी काही सांगू नकोस."

गुणगुणणं थांबलं. घर इतकं शांत झालं की वाडीतल्या पंपाचा आवाज आत येऊ लागला. मृणालचे ओठ हलले. काही ऐकू आलं नाही. तिनं पुन्हा प्रयत्न केला.

"हो."

दोघी शिपायांनी तिला चादरीत उचललं. गणराज मध्ये आला नाही. तो दार धरून उभा राहिला आणि म्हणत राहिला, "हळू, हळू. कमरेला धक्का लावू नका. ती फार नाजूक आहे." अंगणात आवडाबाई आणि चार-दोन माणसं जमली होती. त्यांच्याकडे वळून त्यानं हात जोडले. कुणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

व्हॅन डांबरी रस्त्याला लागली. मृणाल मागच्या बाकावर आडवी होती, डोकं गौरीच्या हातावर. नागावपाशी तिनं पाणी मागितलं. दोन घोट घेतले आणि डोळे मिटले. सगळ्यांना वाटलं, झोपली.

"मी दिवाळीची भांडी परत ठेवायला माळ्यावर चढले होते," ती डोळे न उघडता म्हणाली. "शिडी त्यांनीच धरली होती."

पुढच्या सीटवर पडवळबाईंनी वही पुन्हा उघडली.

"सांगा," त्या म्हणाल्या. "सावकाश सांगा. मी लिहितेय."